डावीकडून दुसरा

माझ्या स्वप्नात गार्डकाका अजून येतात, आणि येतात ते पाठमोरेच. आजूबाजूला बर्फ पडत असतो. ते वाकलेले असतात, एक हात जमिनीला टेकवलेला, आणि कशाची तरी वाट बघत असतात. मी हाका मारतो, पण ते काही वळत नाहीत. स्वप्नात मला त्यांचा भयंकर राग येतो. जाग आली की हसू येतं, कारण जागेपणीही हा माणूस हाकेला सहजासहजी ओ देणारा नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नागपूरहून अमेरिकेत, मिनेसोटात शिकायला गेलो. मिनिआपोलिसच्या बाहेर, ईडन प्रेरीत, त्यांच्या घराचा वरचा मजला मी आणि पुण्याचा शिरीष अशा दोघांनी भाड्यानं घेतला होता. घर दाखवायच्या दिवशी ते जिन्याच्या पायथ्याशीच थांबले आणि म्हणाले, "वर जा, बघा, आवडलं तर राहा. मी येत नाही. माझ्या गुडघ्यांना जिना आवडत नाही." उंची साडेसहा फूट. दारात उभे राहिले की दार दिसेनासं व्हायचं. वजन विचारायची आमची दोन वर्षांत हिंमत झाली नाही. आवाज मात्र इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. आपण वाकलो की सभ्यपणे तेही वाकायचे, आणि असं होत होत डोक्यावर डोकं आपटायची वेळ यायची.

ते नऊ वर्षं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळले होते. आपला पायानं मारायचा फुटबॉल नव्हे. हा लांबुळक्या चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा. त्यात चेंडू फेकणारा एक नायक असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि फोटो त्याचेच छापून येतात. त्याच्या पुढे पाच दांडगे गडी ओळीत वाकून उभे असतात. समोरून येणाऱ्याला नायकापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. चेंडू घेऊन धावायचं नाही, झेलायचं नाही, फेकायचं तर नाहीच. काका त्या ओळीत डावीकडून दुसरे. त्या जागेला लेफ्ट गार्ड म्हणतात, म्हणून ते आमचे गार्डकाका. आम्ही तोंडावरसुद्धा त्यांना काकाच म्हणायचो. अर्थ विचारल्यावर मी सांगितलं, वडिलांचा भाऊ. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "चालेल."

नऊ वर्षांत खेळ चालू असताना चेंडूला किती वेळा हात लागला, असं शिरीषनं एकदा विचारलं. काकांनी छताकडे बघत आठवलं. "एकदा. तोही चुकून. घाबरून मी त्याच्यावर पडूनच राहिलो."

टीव्हीवर सामना लागला की काका सोफ्यावर बसत, आणि सोफा त्यांच्या बाजूला कलत असल्यामुळे आम्ही दोघं हळूहळू त्यांच्याकडे घरंगळायचो. चेंडू पडद्यावर कुठेही असो, काकांची नजर ज्या घोळक्यात चेंडू नाही तिथेच असायची. "बघ, बघ त्याचा डावा पाय! अहाहा!" मग स्टेडियममध्ये एकदम गलका उठायचा आणि काका भानावर येऊन आम्हाला विचारायचे, "काय झालं रे? कोणी काही केलं का?" आम्ही सांगायचो, अहो, टचडाऊन झाला, सहा गुण मिळाले. "असं होय," म्हणून ते पुन्हा आपल्या घोळक्यात शिरायचे. टचडाऊन म्हणजे त्यांच्या लेखी लग्नातल्या बँडसारखा. वाजला तर वाजला.

"चेंडूकडे बघायचं नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "चेंडूकडे बघायला बाकी सगळं जग आहे. आपल्यासमोर कोण उभं आहे, तेवढं बघायचं." हे त्यांनी शिरीषला परीक्षेत ग्रेड घसरली तेव्हा ऐकवलं. मला घरची आठवण येऊन जेवण जाईना तेव्हाही ऐकवलं. त्या दिवशी माझ्यासमोर कोण उभं होतं? एक सूपचा वाडगा. मी तो संपवला आणि खरोखर बरं वाटलं. राग एवढाच की पुढे आयुष्यभर हे वाक्य माझ्या कानात बसलं आणि मला कुठलीच मॅच धड बघता येईना.

मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळायचो, हे कळल्यावर काकांनी मला तासभर सोडलं नाही. त्यांच्या खेळात ओळीतल्या माणसानं समोरच्याला ढकलायचं, पण धरलं की गुन्हा. आणि आमच्याकडे धरणं हाच खेळ! "पाय धरला तरी चालतो? दोन्ही पाय? चौघांनी मिळून?" ते लहान मुलासारखे विचारत राहिले. शेवटी सुस्कारा सोडून म्हणाले, "मी चुकीच्या देशात जन्मलो." मग मी आणि शिरीषनं त्यांना साखळी दाखवली. दिवाणखान्यात त्यांचा एक हात मी धरला, एक शिरीषनं. माझा पंजा त्यांच्या मुठीत कुठल्या कुठे गडप झाला. त्यांनी आळीपाळीनं दोन्ही हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे शेजारचा कुठे आहे हे तुम्हाला सतत कळतं. आम्हाला धरता यायचं नाही. आम्ही नुसते आवाजावर चालायचो." आणि खेळ संपला तरी त्यांनी हात काही सोडला नाही.

गुरुवार हा त्या घरातला मोठा दिवस. ओळीतल्या पाचांनी आठवड्यातून एकदा एकत्र जेवायचं, ही त्या खेळातल्या लोकांची जुनी रीत. बाकी संघाला आमंत्रण नाही, नायकाला तर नाहीच. खेळ सुटून इतकी वर्षं झाली तरी काकांनी गुरुवार सोडला नव्हता. पाचांतला एक वारला होता, दोघं दूरच्या राज्यांत निघून गेले होते. उरले काका आणि डावीकडून पहिले, म्हणजे ओळीच्या अगदी कडेचे. त्या जागेला टॅकल म्हणतात. साहजिकच ते आमचे टॅकलकाका झाले. ते शाळेची बस चालवायचे, मुलांना घरोघर सोडून पाच वाजता जुन्या पिकअप ट्रकमधून यायचे, आणि आले की फक्त मान हलवायचे. पण टेबलावर ताटं पाच मांडली जायची. दोन रिकाम्या जागांवर आमची वर्णी लागली, आणि वारलेल्या मित्राचं ताट मधे कोरडं राहायचं.

त्या टेबलाच्या पाचही खुर्च्या एकाच बाजूला होत्या. समोर नुसती भिंत. पहिल्या दिवशी शिरीष भाबडेपणानं आपली खुर्ची उचलून समोर न्यायला लागला तर काका घाईघाईनं म्हणाले, "तिकडे नको. तिकडे ते लोक असतात." ते लोक म्हणजे विरोधी संघ. मग आम्ही पाच ताटांचे चार जण ओळीनं भिंतीकडे तोंड करून जेवायचो. वर शिरीषचा गुरुवारचा उपास. साबुदाणा त्या गावात कुठून मिळणार? काकांनी उपासाला काय चालतं याची नीट चौकशी केली आणि बटाटा चालतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून दर गुरुवारी एक घमेलंभर उकडलेले बटाटे नुसत्या मिठासोबत शिरीषसमोर यायला लागले. "उपासाच्या दिवशी मी जेवढं खाल्लंय ना यार," शिरीष म्हणायचा, "तेवढं पुण्यात लग्नातही खाल्लं नसेल." त्यातले निम्मे टॅकलकाका संपवायचे. बोलणं जवळपास नसायचंच. तो तास मला आता आठवतो तो एखाद्या उबदार, पाण्याखालच्या जागेसारखा. बाहेर पाच वाजताच अंधारलेलं, खिडकीत बर्फ, आणि दोन प्रचंड माणसांचं शांतपणे चावणं.

आता त्या रविवारबद्दल सांगतो.

आमच्या घरी दर रविवारी सकाळी बुद्धवंदना व्हायची. मी तिकडेही ती मोडली नव्हती. खिडकीत आईनं दिलेली छोटी मूर्ती होती, तिच्यापुढे मेणबत्ती लावून मी वंदना म्हणायचो, मग पंचशील. मला वाटायचं, ऐकायला कोणी नाही. पण घर गरम करणाऱ्या हवेची जाळी माझ्या खोलीत होती आणि तिचं दुसरं तोंड काकांच्या स्वयंपाकघरात. दीड वर्ष ते खाली उभं राहून ऐकत आले होते. त्या रविवारी मी खाली गेलो तर त्यांनी विचारलं, "शेवटी तू पाच ओळी म्हणतोस. एकसारख्या. त्या काय आहेत?"

पाच म्हटल्यावर यांचे कान टवकारणारच. मी सांगितलं की पाच गोष्टी करणार नाही असं मी स्वतःला सांगतो. एकेक समजावून दिली. हिंसा, चोरी, व्यभिचार. चौथी, खोटं बोलणं. पाचवी, दारू.

"चौथी पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितली.

"हे तू दर रविवारी म्हणतोस? म्हणजे आठवडाभरात बोलला असलास तर?"

"तर पुन्हा म्हणायचं, काका."

ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. दुपारी त्यांनी मला बोलावलं तेव्हा पडदे ओढलेले होते, टेबलावर जुना प्रोजेक्टर होता आणि शेजारी फिल्मचा पत्र्याचा गोल डबा. त्या काळी प्रत्येक सामन्याची मुकी फिल्म काढून संघाला दाखवत. पुढे व्हिडिओ आला, जुने डबे फेकून द्यायची वेळ झाली, तेव्हा हा एक डबा काकांनी मागून आणला होता. आणि उघडला नव्हता.

"तू भेगा बघतोस ना?" त्यांनी विचारलं. माझं संशोधन तेच होतं. काँक्रीटच्या तुळईवर भार टाकायचा, फिल्म काढायची, आणि एकेक चित्र थांबवून भेग नक्की कुठे सुरू झाली ते शोधायचं. "तुला फुटबॉल कळत नाही. बरं आहे. तू फक्त काय दिसतं ते सांग."

मग त्यांनी सांगितलं. इतक्या हळू की मी वाकलो, पण या वेळी ते वाकले नाहीत. समोरचे दोन गडी कधी कधी धावता धावता जागा बदलतात, फुलीसारखे. तसं झालं की गार्ड आणि टॅकलनंही आपापला माणूस बदलायचा. ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडायचं. यांचा शब्द होता 'रोझी'. टॅकलकाकांच्या कुत्रीचं नाव. चौदा वर्षांपूर्वीच्या एका सामन्यात समोरचे दोघं असेच फुलीत आले, काकांनी आपला माणूस बदलला नाही, एक गडी मधून मोकळा सुटला आणि नायकाचा खांदा मोडला. नंतर प्रशिक्षकांनी विचारलं. काका म्हणाले, मला काही ऐकू आलं नाही.

"म्हणजे त्यानं हाक दिलीच नाही, असं झालं," काका म्हणाले. "कडेचा माणूस तो. आधी दिसणार त्यालाच. आठवड्याभरात त्याला संघातून काढलं. नंतर त्याला कोणीच घेतलं नाही. मी पुढे तीन वर्षं खेळलो."

"पण तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं ना?"

"चौदा वर्षं मी म्हणतोय की नाही आलं. आता मला माहीत नाही."

प्रोजेक्टर सुरू झाला. भिंतीवर बर्फ पडायला लागला. त्या दिवशीही सामना बर्फात होता. मैदानाच्या मागच्या टोकाकडून घेतलेलं चित्र, त्यामुळे सगळे पाठमोरे. पाच पाठी वाकल्या. डावीकडून दुसरी पाठ मी लगेच ओळखली. आवाज नसल्यामुळे सगळे झोपेत चालल्यासारखे हलत होते, मोठाली माणसं एकमेकांत मिसळत होती, सुटत होती, आणि मधून एकजण पाण्यातून यावा तसा तरंगत पुढे गेला. मी फिल्म मागे नेली. पुन्हा. एकेक चित्र करत. काका भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

आणि मला दिसलं. कडेचं हेल्मेट हाक मारताना हलतं तसं हललं, आणि चार-पाच चित्रांनंतर काकांचं हेल्मेट डावीकडे वळलं. जेमतेम चार बोटं, एकेक चित्र थांबवल्याशिवाय दिसणारच नाही एवढं. मग पुन्हा सरळ झालं. हाक ऐकल्याशिवाय कोणी मान वळवत नाही.

काही स्पष्ट दिसत नाही, असं सांगणं किती सोपं होतं! फिल्म जुनी, बर्फ पडतोय, कोण मला विचारणार होतं? पण सकाळी चौथी ओळ मीच दोनदा समजावून सांगितली होती. माझा मलाच संताप आला. मी म्हणालो, "काका, तुमची मान वळलीय."

प्रोजेक्टरचा पंखा फिरत राहिला.

"ऐकू आलं होतं," काका म्हणाले. "ऐकलं, आणि मला वाटलं याचं चुकतंय. अर्धा सेकंद वाटलं. बस." मग प्रोजेक्टर बंद करून म्हणाले, "त्याला सांगितलं आणि तो उठून गेला तर? मला दुसरं कोणी नाही." त्यांची बायको फार पूर्वी सोडून गेली होती, मूलबाळ नव्हतं. ते खरं तेच सांगत होते. गुरुवारचा एक तास सोडला तर त्या माणसाच्या आठवड्यात कोणी नव्हतं.

पुढचे चार दिवस काका घरात टिकलेच नाहीत. बर्फ पडत असला की मागच्या अंगणात जाऊन उभे राहायचे, टोपीवर पांढरा थर साचेपर्यंत. शिरीष मला म्हणाला, "तू कशाला यार सगळं खरं खरं सांगत बसलास? मॅनेज करायचं ना थोडं."  मलाही तेच वाटत होतं.

गुरुवारी पाच वाजता टॅकलकाका आले, मान हलवली, आपल्या खुर्चीवर बसले. आम्ही चौघं भिंतीकडे तोंड करून. काकांनी काटाही उचलला नव्हता.

"रोझी," ते म्हणाले.

टॅकलकाकांचं चावणं थांबलं.

"त्या दिवशी तू रोझी म्हणालास. मी ऐकलं होतं. नंतर मी खोटं बोललो."

टॅकलकाकांनी समोरचा बटाटा घेतला, मीठ लावलं आणि पूर्ण संपवला. एवढ्या सावकाश बटाटा खाल्लेला मी पुन्हा पाहिला नाही. मग भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. मी तुझ्या शेजारी होतो. तू मान वळवलीस."

"मग बोलला का नाहीस? प्रशिक्षकाला, मला, कुणालाही?"

"ओळीतल्या माणसाचं नाव सांगायचं नसतं. आणि मी बोललो असतो तर ते माझं बोलणं झालं असतं. मला तुझं हवं होतं." त्यांनी हात पुसले. "चौदा वर्षं दर गुरुवारी मी काय इथं बटाटे खायला येत होतो, असं वाटलं तुला?"

काका रडायला लागले. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना बघून काय करावं ते आम्हाला कळेना. शिरीष नुसताच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसला. "मी वर्तमानपत्राला सांगतो," काका म्हणत होते, "संघाला पत्र लिहितो." टॅकलकाका म्हणाले, "कोण वाचणार? त्यांना आपली नावं तेव्हाही माहीत नव्हती." ते उठले. कोट चढवला. दार ओढून घेतलं. ट्रकचे लाल दिवे बर्फात विरघळत गेले.

पुढच्या गुरुवारी पाच ताटं मांडली गेली. पाच वाजले, साडेपाच झाले, बटाट्यांची वाफ निघून गेली. कोणी आलं नाही. काकांनी ताटं झाकून ठेवली. "त्याला हवं होतं ते मिळालं," ते म्हणाले. "आता तो कशाला येईल?" त्यात तक्रार नव्हती, आणि मला वाटतं म्हणूनच ते ऐकवेना. मी वर गेलो आणि अंथरुणावर पडून राहिलो. एका माणसाला खरं बोलायला लावून मी त्याचं घर रिकामं केलं होतं. रविवारी वंदनेला बसायचं कोणत्या तोंडानं, हाच विचार डोक्यात फिरत होता.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. मी जिन्यातून डोकावलो. काकांनी दार उघडलं होतं आणि पायरीवर टॅकलकाका उभे होते.

"आज शनिवार आहे," काका म्हणाले.

"माहीत आहे."

"जेवायला काही केलेलं नाही."

"मी जेवायला आलेलो नाही."

काकांना दारातून बाजूला व्हायचंही सुचत नव्हतं. "मग काय काम काढलंस?"

"काही काम नाही," टॅकलकाका बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाले. "आज नुसताच आलोय."